घरघंटीतला डबा

हार्ड डिस्क कशाने मरते हे मी नवऱ्याकडून शिकले. खरं तर मला ते आधीच माहीत असायला हवं होतं. लोणखेड्याला एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये मी नोकरी करते, आणि बंद पडलेल्या डिस्का उघडून मुलींना आतली चकती दाखवणं हे माझंच काम. पण पुस्तकात धूळ, उष्णता, विजेचे झटके अशी कारणं दिलेली असतात. वरवंटा दिलेला नसतो.

आधी फोन गेला. माझ्या सुजलेल्या गालाचे फोटो त्यात सापडले म्हणून त्याने तो उकळत्या वरणात टाकला आणि ते वरण मला वाढायला लावलं. मग लॅपटॉप. तो त्याने उंबऱ्यावर आडवा धरून गुडघ्याने मोडला, लाकूड मोडतात तसा. तिसऱ्या वेळी मी शहाणपणा करून फोटो एका बाहेरच्या डिस्कवर घेतले आणि ती तांदळाच्या डब्यात पुरली. ती त्याला तिसऱ्याच दिवशी सापडली. त्याने ती ओट्यावर ठेवली आणि वरवंटा घेतला. पाच घाव डिस्कवर बसले. मी ती ओढायला गेले, म्हणून सहावा माझ्या बोटांवर बसला. उजव्या हाताचं एक बोट अजून वाकडं आहे.

आमच्याकडे नवऱ्याला 'अहो' म्हणतात आणि त्याच्याबद्दल बोलताना 'हे' म्हणतात. मी इथे 'तो' लिहिणार आहे. तेवढा हक्क मी कमावला आहे.

तो केळीचा व्यापारी. शहाद्याच्या कडेला नव्या कॉलनीत आमचं घर, मागे गोदाम, दारात ट्रॅक्टर. बाहेर तो भला माणूस होता. कुणाच्या घरी मयत झाली की हा पहिला हजर, ट्रॅक्टर देणार, लाकडं आणून देणार. लोक मला सांगायचे, नशीब काढलंस. मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा लाटणं फेकून मारलं होतं त्याला. कपाळाला तीन टाके पडले. गावात त्याने सांगितलं की गोदामाच्या दाराची चौकट लागली. त्या खुणेचं मला आजही वाईट वाटत नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. मी त्यांना माय म्हणते. तेव्हा म्हणताना दात आवळून म्हणायचे, कारण तो मला मारायला लागला की माय टीव्हीचा आवाज वाढवायच्या. भजन असो की बातम्या, आवाज वाढायचाच. शेजाऱ्यांना वाटत असेल, म्हातारीला ऐकू कमी येतं. म्हातारीला सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याइतकाच राग मला तिचा यायचा, कधीकधी जास्तच.

नंदुरबारच्या एका वकीलबाईंना मी ट्रेनिंगच्या निमित्ताने जाऊन भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाखवण्यासारखं काय आहे?" मी बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "बोट दाराच्या फटीतही सापडतं." त्यांचं चुकीचं नव्हतं, पण मला टेबल उलटवावंसं वाटलं.

त्याच महिन्यात त्याने घरात कॅमेरे लावले. ओसरीत एक, हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक. म्हणायला चोरांसाठी, पण स्वयंपाकघरात चोर काय भाकरी चोरणार होता? मी कुणाशी बोलते ते ऐकू यावं म्हणून आवाज टिपणारे कॅमेरे मुद्दाम निवडले होते. रेकॉर्डिंगचं यंत्र हॉलमध्ये टीव्हीखाली बसवलं. हात उचलून झाला की तो हातपाय धुवायचा, चहा प्यायचा आणि मग शांतपणे त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसायचा.

एक गोष्ट मात्र तो विसरला. कॅमेरे त्याने लावले, पण त्याला सेटिंग जमेना. ते त्याने माझ्याकडूनच करून घेतलं. माझ्यावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड मीच टाकला होता.

मग डोक्यात किडा शिरला. कॅमेऱ्यातलं चित्र वायफायवरून घरातल्याच दुसऱ्या एखाद्या यंत्रात त्याच क्षणी उतरलं, तर तो टीव्हीखालचं कितीही पुसो. इंटरनेटवर साठवायची सोय नव्हती, कारण माझं प्रत्येक खातं त्याच्या नंबरवर होतं. मी कुठेही शिरायला गेले की ओटीपी त्याच्या खिशात वाजायचा. म्हणजे घरातच एक सर्व्हर हवा. फाइली साठवणारा, चोवीस तास चालणारा, आणि त्याला न दिसणारा.

लोक असा सर्व्हर हौसेने बांधतात. सिनेमे ठेवतात, लग्नाचे अल्बम ठेवतात, इंटरनेटवर फोटो टाकून एकमेकांना वेग विचारतात. मला वेगाशी घेणंदेणं नव्हतं. मी माझ्या अंगावरच्या एकेका वळाशी ताडून एकेक सुटा भाग निवडत होते.

पंखा नको, हे पहिलं ठरलं. त्याचे कान तीक्ष्ण. रिकाम्या ट्रकच्या आवाजावरून तो ड्रायव्हर कोण ते सांगायचा. जुना ऑफिसचा मोठा संगणक लॅबमधून स्वस्तात मिळाला असता, पण त्याची घरघर भिंतीपलीकडे जाते. पत्त्यांच्या कॅटाएवढं उघडं बोर्ड मिळतं, तेही पाहिलं. त्याला पंखा नसतो, वीज कमी लागते, सगळं खरं; पण ते बोटाच्या नखाएवढ्या कार्डावर चालतं, आणि आमच्याकडे शेतातले पंप सुरू झाले की दिवे मिचमिचतात. लॅबमध्ये असली दोन कार्डं मी अशीच घालवली होती. माझा पुरावा नखाएवढ्या कार्डावर टांगायची माझी तयारी नव्हती.

शहाद्यात बस स्टँडच्या अलीकडे एका मारवाडी शेठचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. शेठ नवऱ्याला ओळखायचे. गावात त्याला न ओळखणारं कोण होतं? मी म्हटलं, कॉलेजच्या कॅमेऱ्यांसाठी पाहिजे. शेठनी एक जुना डबा पुढे ठेवला, झाकणावर पन्हाळ्या, म्हणजे उभ्या खाचा असलेला, काळा, पंखा नसलेला, कुठल्याशा ऑफिसच्या काउंटरवरून उतरलेला. वहीपेक्षा थोडा मोठा. उष्णता त्या पन्हाळ्यांतून आपोआप बाहेर जाते.

"डिस्क कौनसी डालूँ, भाभी?"

"लॅपटॉपमधली, छोटी. दोन. एकीवर जे जाईल तेच दुसरीवर."

"मिरर चाहिए," शेठ म्हणाले. "मग एक सांगतो, दोन्ही एका लॉटच्या घेऊ नका. जुळ्या असतात, एकाच दिवशी मरतात. एक इकडून देतो, दुसरी सुरतहून मागवतो."

आरशात स्वतःचं तोंड पाहायचं मी सोडून दिलं होतं, आणि इथे हा माणूस मला आरसा विकत होता. मला हसू आलं. शेठनी माझ्या गळ्याभोवतीच्या पदराकडे पाहिलं. बाहेर ऊन भाजत होतं आणि मी पदर कानापर्यंत गुंडाळला होता. त्यांनी नजर काढून घेतली, बिल फाडता फाडता म्हणाले, "कॉलेज के नाम से ही बनाता हूँ. आणि भाभी, याचे दिवे निळे लागतात, लांबून दिसतात. काळी पट्टी चिकटवा." मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती काळी पट्टी त्यांनी पैसे न घेता दिली.

आता ठेवायचा कुठे? लोखंडी कपाटात वायफाय पोचत नाही. माळ्यावर उन्हाळ्यात अंडं उकडेल एवढं तापतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आमची घरघंटी होती, दळण दळायची घरगुती चक्की, प्लायवूडच्या कपाटासारखी. दगड फुटल्यापासून बंद. माय ती विकू देत नव्हत्या. लाकडी पेटी, मागे हवेला भोकं, शेजारी स्वतःचं प्लगचं बटण, आणि मुख्य म्हणजे पिठाला बायकोचं काम समजणारा माझा नवरा जन्मात ते दार उघडणार नव्हता. एका मंगळवारी कॉलनीची लाईट दिवसभर बंद होती, कॅमेरेही मेलेले. तेवढ्यात मी डबा आत बसवला, राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस जोडला, निळ्या दिव्यांवर काळी पट्टी मारली. वायफायवर त्याचं नाव टाकलं, टीव्ही. त्याने यादी पाहिलीच असती, तर त्याला टीव्ही दिसला असता.

संध्याकाळी लाईट आली. मी भाकरी थापत होते आणि कोपऱ्यातून कुठलाच आवाज येत नव्हता. इतकी शांतता मी आयुष्यात कधी विकत घेतली नव्हती.

पुढचे महिने मी कसे काढले ते सांगताना माझी मलाच भीती वाटते. कारण मला मार खाण्याचं कारण मिळालं होतं. तो अंगावर आला की मी मागच्या खोलीत पळायचे नाही. हॉलच्या मधोमध, कॅमेऱ्यासमोर उभी राहायचे. एकदा त्याने केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा माझ्या मनात आलं, थोडं डावीकडे, पाठ दिसतेय नुसती. पट्ट्याने मारलं, उलथन्याने डागलं, एकदा कुकरचं झाकण फेकून मारलं. माय टीव्हीचा आवाज वाढवत होत्या. कोपऱ्यात डबा गप्प बसून टिपून घेत होता.

मी महिन्या-दोन महिन्यांनी संधी साधून डबा तपासायचे. फाइली बरोबर, दोन्ही डिस्का ठणठणीत. एका गोष्टीचा मला फार अभिमान वाटायचा. घरघंटीत वर्षानुवर्षांचं पीठ साचलेलं, बाहेर कापसाची धूळ, तरी माझ्या डब्यावर धुळीचा कण नसायचा. पन्हाळ्या लखलखीत. लॅबमधले डबे महिन्यात मळतात. मी स्वतःलाच शाबासकी द्यायचे, बाई, काय निवड केलीस.

नवरात्र आलं. तो नऊ दिवस अनवाणी राहायचा, मांस-दारू बंद, दिवसाला एकदा फराळ. मारणं मात्र उपवासाला चालत होतं.

नवमीला, खंडेनवमीला, आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. विळे, कुऱ्हाड, केळीचे घड कापायचे कोयते, तराजू, ट्रॅक्टरची चावी, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. त्या दिवशी घरात भाजीसुद्धा चिरत नाहीत. मायनी चाळीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता.

सकाळी मी झेंडू आणायला बाजारात गेले. परत आले, हातातली पिशवी सुटली. पाटावर, कुऱ्हाड आणि कोयत्यांच्या मधोमध, माझा काळा डबा. ओल्या फडक्याने पुसलेला, पन्हाळ्यांत कुंकू भरलेलं, वर झेंडूचं फूल.

म्हातारीने घोटाळा केला होता. घरघंटी उघडली, आत यंत्र दिसलं, आणून मांडलं पूजेला. मायना तिथेच धरून हलवावं, ओरडावं असं वाटत होतं. पण तो मागून आला.

"हाई काय शे?"

"मशीन शे," माय म्हणाल्या. "घरघंटीमा व्हतं. पूजा करी टाकी."

त्याने डब्याकडे पाहिलं, काळ्या पट्टीकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो मूर्ख नव्हता. माझ्या चेहऱ्यावर बाकीचं लिहिलेलं होतं. तो वाकला आणि त्याने कुऱ्हाडीचा दांडा धरला.

"हात नको लावू," माय म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पूजा व्हयनी. देवीनं शे आते. सकायलोंग हात लावानं नही, कुऱ्हाडीले बी नही नि मशीनले बी नही."

तो थांबला. खरोखर थांबला. बायकोच्या बोटांवर वरवंटा घालणारा माणूस देवीपुढे दांडा धरून उभा होता आणि त्याला तो उचलता येत नव्हता. त्याच्या हाताची मात्र पूजा झालेली नव्हती. त्याने दांडा सोडला आणि मला एक ठेवून दिली. मी भिंतीवर आदळले, ओठ फाटला. दुसरी, मग पोटात लाथ. अनवाणी पायाची लाथ वेगळी लागते, टाच हाडात रुतते.

"सकाय देखस तुले," तो म्हणाला. "तुले बी नि तुना मशीनले बी." गोदामात ट्रॅक्टरची पूजा खोळंबली होती. तो निघून गेला.

मी जमिनीवर होते. मायनी टीव्हीकडे पाहिलंही नाही. त्या पाटापाशी बसल्या, डब्यावरचं फूल बाजूला केलं, आणि पूजेतला डबा उचलला. चाळीस वर्षांत न मोडलेला नेम त्यांनी माझ्यासमोर दोन्ही हातांनी मोडला. डबा जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आज दुपारे भंगारवाला येवाव शे. घरघंटी देवानी शे त्याले. काल मन्हा समोर फोन करा त्यानी." त्यांनी माझ्या ओठाचं रक्त पदराने टिपलं. "जाय. यष्टी धर. माले काय करस तो? मी माय शे त्यानी."

म्हणजे घोटाळा नव्हता. भंगारात जाणारा डबा वाचवायची एकच जागा त्यांना माहीत होती, ती म्हणजे देवीचा पाट. मी डबा छातीशी धरला. 'चला माझ्याबरोबर' म्हणायला हवं होतं. मी पळाले.

शहाद्याच्या स्टँडवर दसऱ्याची गर्दी. मी नंदुरबारच्या गाडीत खिडकीशी बसले, डबा मांडीवर. प्रकाशाचा पूल आला, तापी भरून वाहत होती. शेजारची बाई म्हणाली, देवीचा प्रसाद का? मी म्हटलं, हो.

वकीलबाईंच्या ऑफिसात डबा उघडला. दोन्ही डिस्का जिवंत. मारहाणीच्या तारखा मला पाठ होत्या, त्या मी भराभर काढून दिल्या. वकीलबाई म्हणाल्या, मधले दिवसही बघू, धमक्या असतील. तेव्हा मी पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या कॅमेऱ्यातलं रिकामं रिकामं रेकॉर्डिंग पाहत बसले. मी कॉलेजला गेलेली, तो गोदामात, घरात माय एकट्या.

आणि माय येतात, घरघंटीचं दार उघडतात. आत पाहतात. डबा बसवून आठवडाही झालेला नसतो. त्या खाली बसतात, पदराच्या टोकाने डबा पुसतात, पन्हाळी न् पन्हाळी, एखाद्या लेकराचं अंग पुसावं तशा. मग त्याच्याशी बोलतात. आवाज स्वच्छ आला आहे.

"बठ्ठं लिखी ठेव वं बाई."

बठ्ठं, म्हणजे सगळं. पुढच्या आठवड्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. दर आठवड्याला एकदा. माझ्या निवडीची शाबासकी मी कुणाला देत होते! मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि रडताना चिडलेही, कारण हीच बाई माझ्या हाडांचा आवाज भजनाखाली बुडवत होती. दोन्ही खरं आहे. मला एक काही निवडता येत नाही.

त्या दुपारी तो घरी परतला तेव्हा पाटावर डब्याची जागा रिकामी होती. ते मला चार दिवसांनी कळलं, मायना सरकारी दवाखान्यात पाहिलं तेव्हा. त्याने आईला ढकललं नाही, मारलं. आधी घट लाथेने उडवला, मग पूजेतला नारळ उचलला आणि तिच्या मनगटावर घातला, ज्या हाताने डबा उचलला असं तिने स्वतःच सांगितलं त्या मनगटावर. हाड दोन जागी मोडलं. माय सांगतात, तेव्हा टीव्ही बंद होता. कॅमेरे चालू होते. पण त्याने ते पुसलं असणार, आणि ते उतरवून घेणारा डबा माझ्या मांडीवर होता, तापीच्या पुलावर.

आता माय माझ्याकडे, नंदुरबारच्या दोन खोल्यांत राहतात. डबा टेबलावर असतो, काळी पट्टी काढली आहे, निळे दिवे लागतात. मायचं मनगट पुरतं वळत नाही, तरी आठवड्याला पुसणं चुकत नाही. कोर्टात तारखा पडतात. परवा पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, "त्या दिननं बी लिखाय गयं ना वं?"

मी म्हटलं, "हो माय, बठ्ठं."

त्यांनी मान हलवली आणि पुढची पन्हाळी पुसायला घेतली. डब्यात ती दुपार नाही. ती फक्त इथे आहे, या वाकड्या बोटाने लिहिलेली.